अर्धा ग्रॅम शिसे : एअर पिस्तुलाच्या छर्ऱ्यांचे चार डबे

गेल्या दिवाळीपासून या जूनपर्यंत मी एकाच एअर पिस्तुलातून चार प्रकारचे छर्रे मारले, त्यांची वजने केली, कागदावरची भोके मोजली आणि सगळ्या नोंदी एका दोनशे पानी वहीत ठेवल्या. त्या वहीच्या आधारे हे परीक्षण लिहीत आहे. छर्रा म्हणजे रेंजवर आम्ही ज्याला पेलेट म्हणतो तो, ४.५ मिलिमीटरचा, सपाट तोंडाचा आणि कमरेत बारीक असा शिशाचा तुकडा. त्याचे वजन अर्ध्या ग्रॅमच्या आसपास असते आणि नेमबाजीच्या या प्रकारात दर महिन्याला पुन्हापुन्हा विकत घ्यावी लागणारी वस्तू तेवढी एकच असते. पिस्तूल माणूस दहा वर्षांतून एकदा घेतो, छर्रे मात्र घरातल्या तांदळासारखे संपतात.

मी नोकरी सांभाळून आठवड्यातून तीन दिवस सराव करणारा, साठ शॉटमध्ये ६००पैकी ५४० गुणांच्या आसपास घुटमळणारा साधा क्लब-नेमबाज आहे. माझे पिस्तूल स्टायर एलपी १० असून ते मी एका ज्येष्ठ नेमबाजाकडून वापरलेले घेतले. त्याचा हवेचा सिलिंडर २०० बारपर्यंत भरता येतो आणि रेग्युलेटर प्रत्येक शॉटला सारखाच दाब सोडतो. म्हणून हवा आणि पिस्तूल स्थिर धरले, तर बदलणारी गोष्ट डब्यातला छर्रा तेवढीच उरते, असे गृहीत धरून मी हा उद्योग केला.

कोल्हापुरात नेमबाजीविषयी बोलायला निमित्त लागत नाही. तेजस्विनी सावंत यांनी २०१० साली म्युनिकला जागतिक विजेतेपद मिळवले, राही सरनोबत यांनी २०१८च्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक जिंकले आणि कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ साली पॅरिसहून ऑलिम्पिकचे कांस्यपदक आणले. तेव्हापासून लग्नाच्या पंगतीतही ‘आमच्या पोराला रायफल द्यावी की पिस्तूल’ असे विचारणारा कोणीतरी भेटतोच. मात्र एक गोष्ट सहसा लक्षात येत नाही. ही तिन्ही पदके हवेच्या शस्त्रावर मिळालेली नाहीत. ५० मीटर रायफल आणि २५ मीटर पिस्तूल या दोन्ही प्रकारांत .२२ची खरी काडतुसे वापरतात, ज्यांत दारू असते. त्यामुळे लोक मला छर्ऱ्यांपेक्षा गोळीबद्दल अधिक विचारतात, आणि ‘घरच्या घरी काडतूस भरता येते म्हणे’ हा प्रश्नही त्यातच येतो.

त्याचे उत्तर आधी देऊन टाकतो, कारण निवडीचा मूळ मुद्दा तिथूनच कळतो. माझा एक मामेभाऊ अमेरिकेत टेक्सासमध्ये राहतो आणि रिव्हॉल्व्हरसाठी .३८ स्पेशल या प्रकारची काडतुसे स्वतः भरतो. तिकडे ते कायदेशीर आहे आणि त्यासाठी लागणारी पावडर, म्हणजे दारू, दुकानात पौंडाच्या भावाने मिळते. हँडगनची, म्हणजे पिस्तूल-रिव्हॉल्व्हरची, नळी आखूड असल्यामुळे पावडर लवकर जळणारी हवी, नाहीतर गोळी नळीबाहेर पडली तरी मागे दारू जळतच राहते आणि नुसता धूर व जाळ होतो. म्हणून तो १८९८पासून चालत आलेली बुल्सआय ही पावडर वापरतो. या पावडरीचा दोष तिच्या गुणातच दडलेला आहे. ती इतकी थोडी लागते की .३८ स्पेशलच्या मोठ्या कवचात, जे मुळात जुन्या काळ्या दारूसाठी बनवलेले होते, तळाला थोडीशीच दिसते. चुकून दोनदा पडली तरी कवचात आरामात मावते आणि मग शस्त्र फुटते. म्हणून तो गोळी बसवण्यापूर्वी प्रत्येक कवचात टॉर्चने डोकावून पाहतो. व्हिडिओ कॉलवर त्याला पन्नास कवचांच्या लाकडी फळीवर वाकून एकेक करून पाहताना बघितले, तेव्हा मला आमच्या आजीची तांदूळ निवडण्याची सवय आठवली. आपल्याकडे मात्र शस्त्र अधिनियम, १९५९च्या कलम ५नुसार दारूगोळा तयार करण्यास परवाना लागतो, तो छंदासाठी घरात बसून करण्याचा विषय नाही. शिवाय .२२च्या काडतुसात ठिणगी देणारे द्रव्य कवचाच्या कडेतच असते, त्यामुळे ते एकदा उडाले की पुन्हा भरताच येत नाही. सांगायचे एवढेच की मामेभावाला पावडरीचा प्रकार, तिचे वजन, गोळीचे वजन आणि ती किती खोल बसवायची, अशा चार गोष्टी हातात आहेत. आम्हा एअर पिस्तूलवाल्यांच्या हातात फक्त डबा निवडणे आहे. म्हणून तो तरी डोळे उघडे ठेवून निवडावा.

डबा निवडताना झाकणावर तीन गोष्टी पाहायच्या असतात. पहिली वजन, दुसरी तोंडाचा व्यास, तिसरी लॉट क्रमांक, म्हणजे छर्रे कारखान्यातल्या कोणत्या खेपेत बनले त्याचा आकडा. बहुतेक जण चौथी गोष्ट, म्हणजे किंमत, पहिल्यांदा पाहतात. मीही तसाच होतो.

वजनाचे असे आहे की स्पर्धेच्या छर्ऱ्यात पिस्तुलासाठी हलका आणि रायफलसाठी जड अशी विभागणी असते. आरडब्ल्यूएस या कंपनीचा आर-१० मॅच हा छर्रा पिस्तुलासाठी ०.४५ ग्रॅमचा आणि रायफलसाठी ०.५३ ग्रॅमचा येतो. एच अँड एन या कंपनीचा फिनाले मॅच पिस्तुलासाठी ०.४९ ग्रॅमचा असतो. ०.४५ ग्रॅमचा छर्रा सेकंदाला १५० मीटर वेगाने सुटला तर त्याची ऊर्जा जेमतेम पाच ज्यूल होते आणि दहा मीटर जाईपर्यंत तो सुमारे २४ मिलिमीटर खाली येतो. हवेचा जोर तोच ठेवून ०.४९चा छर्रा घातला तर तो आणखी दोन मिलिमीटर खाली लागतो. साइटचे, म्हणजे पिस्तुलावरच्या नेम धरायच्या खुणेचे, काही क्लिक फिरवले की ही उणीव भरून निघते, म्हणून हलका की जड या वादात मी फारसा पडत नाही. पण एकाच डब्यातला एक छर्रा ०.४७चा आणि दुसरा ०.५२चा निघाला, तर अडीच मिलिमीटरचा फरक प्रत्येक शॉटला वेगवेगळा पडतो आणि त्याला कोणताही क्लिक पुरा पडत नाही.

तोंडाचा व्यास ही त्याहून नाजूक गोष्ट. छर्ऱ्याचे तोंड नळीतल्या आट्यांच्या, म्हणजे आत कोरलेल्या पिळदार खाचांच्या, उंचवट्यांवर टेकून सरळ राहते आणि मागचा घेर, ज्याला आम्ही स्कर्ट म्हणतो, हवेच्या दाबाने फुगून आट्यांत बसतो व छर्ऱ्याला फिरकी देतो. तोंड सैल असेल तर छर्रा नळीतच किंचित कलतो, फार घट्ट असेल तर शिसे खरवडले जाते. एच अँड एन आपल्या स्पर्धेच्या डब्यांवर ४.४९, ४.५० असा व्यास छापते, आणि यातला कोणता चांगला याचे उत्तर कंपनीकडे नसून तुमच्या नळीकडे असते. रेंजवर ‘४.४९च घे, वर्ल्ड कपवाले तेच वापरतात’ असा सल्ला छातीठोकपणे देणारे भेटतात. त्यांच्या नळीत तो बसत असेल, एवढेच त्यातून सिद्ध होते.

हे तपासायला पिस्तूल हातात धरून चालत नाही, ते कशात तरी पकडावे लागते. आमच्या गल्लीतल्या एका मिस्त्रींचा शिवाजी उद्यमनगरात लेथ आहे. त्यांच्याकडे पिस्तुलाची मूठ काढून नुसता सांगाडा नेला (सिलिंडर अर्थातच उतरवून, घरीच ठेवून) आणि त्याच्या मापाचा शिकंजा करून मागितला. मी लाकडी गुटके सुचवले होते. त्यांनी ते बाजूला सारून जुन्या कन्व्हेयर बेल्टच्या रबराचे दोन तुकडे कापले, शिकंज्याच्या जबड्यांना चिकटवले आणि म्हणाले, “जॉब घट्ट धरायचा, पण चावायचा न्हाई.” दहा किलोच्या बिडाच्या पाट्यावर बसवलेला तो शिकंजा रेंजवरच्या टेबलाला बोल्टने आवळला की पिस्तूल जागचे हलत नसे. सिलिंडरवर कुठेही दाब येऊ नये आणि प्रत्येक शॉटला ट्रिगर बोटाने अगदी सरळ मागे यावा, एवढी दोन पथ्ये पाळावी लागली. माझ्या पहिल्या दिवसाचे सगळे ग्रुप, म्हणजे एकाच नेमावर मारलेल्या पाच-पाच शॉटच्या भोकांचे पुंजके, दुसरे पथ्य न पाळल्यामुळे वाया गेले.

वजनासाठी गुजरीत गेलो. ओळखीच्या सराफांकडे मिलिग्रॅमपर्यंत दाखवणारा काचेच्या पेटीतला काटा आहे. दुपारी गिऱ्हाईक नसते तेव्हा या, असे त्यांनी सांगितले होते. प्रत्येक डब्यातले पन्नास, असे छर्रे मी घरच्या चिमट्याने एकेक करून ठेवत होतो आणि आकडा वहीत लिहीत होतो. ते थोडा वेळ पाहत बसले आणि मग म्हणाले, “सर, या काट्यावर शिसं आणणारं तुम्ही पयलंच गिऱ्हाईक. कुणाला सांगू नका, लोकांना वाटंल आमी सोन्यात मिसळतोय.” मी काम आटोपल्यावर त्यांनी काट्याची तबकडी ओल्या फडक्याने दोनदा पुसली, आणि ते योग्यच होते.

आता निकाल. आर-१० पिस्तूलच्या पन्नास छर्ऱ्यांची वजने एकमेकांपासून इतकी जवळ होती की शंभरावा छर्रा ठेवला असता तरी नवे काही कळले नसते. शिकंज्यातून मारलेल्या पाच-पाच शॉटच्या दहा ग्रुपांची, केंद्रापासून केंद्रापर्यंत मोजलेली सरासरी माझ्या नळीत साडेतीन मिलिमीटर आली. पाचही छर्रे एका फाटक्या भोकातून जातात आणि त्या भोकात करंगळीचे टोकही पुरते जात नाही, असे ते चित्र असते. छर्ऱ्यांना पातळसा तेलकट हात असतो, स्कर्टच्या कडा गुळगुळीत असतात आणि डब्यातल्या फोममुळे प्रवासात ते एकमेकांवर आपटत नाहीत. बोटाने ब्रीचमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या तोंडात, ढकलताना बसल्याचा जो हलका, सारखा प्रतिसाद अंगठ्याला मिळतो, तो मला सगळ्यात आवडला, कारण साठ शॉटच्या सामन्यात ही क्रिया सरावाचे शॉट धरून ऐंशी वेळा करायची असते.

फिनाले मॅच पिस्तूल मी ४.४९ आणि ४.५० अशा दोन्ही व्यासांचा घेतला. ४.५०चा ग्रुप आर-१०च्या इतका जवळ आला की दोघांत फरक आहे असे म्हणण्याइतका पुरावा माझ्या वहीत नाही. ४.४९चा माझ्या नळीत साडेचार मिलिमीटरपर्यंत गेला. क्लबातल्या एका मुलीच्या पिस्तुलात हीच जोडी मारली तेव्हा निकाल उलटा निघाला, म्हणून हा छर्ऱ्याचा दोष धरू नये. व्यास निवडण्याची सोय छापील आकड्यासह मिळणे हाच या डब्याचा मोठा गुण आहे, आणि नवे पिस्तूल घेतल्यावर पहिल्यांदा याचेच दोन व्यास मागवून पाहावेत, असे मी सांगेन.

तिसरा डबा देशी सरावाचा होता. त्याचे नाव मी लिहीत नाही, कारण त्या किमतीत त्याने जे द्यायचे ते दिले आणि तरीही पुढे जे लिहिणार आहे ते त्याच्यावर अन्याय करणारे वाटेल. सामन्यासाठीच्या एका परदेशी डब्याच्या पैशात हे दोन-तीन डबे येतात. वजने ०.४७पासून ०.५२पर्यंत पसरलेली होती, पन्नासांत तीन छर्ऱ्यांच्या स्कर्टला शिशाची कोर लटकत होती आणि ग्रुपची सरासरी साडेआठ मिलिमीटर आली.

साडेआठ हा आकडा ऐकून पिस्तूलवाल्याने घाबरू नये, आणि इथेच माझे मत रेंजवरच्या बहुतेकांपेक्षा वेगळे पडते. दहा मीटर एअर पिस्तुलाच्या टार्गेटवर दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास ११.५ मिलिमीटर असतो आणि छर्ऱ्याच्या भोकाची कड रेषेला नुसती शिवली तरी दहा धरतात. म्हणजे छर्ऱ्याचा मध्य केंद्रापासून आठ मिलिमीटरपर्यंत कुठेही असला तरी दहाच. साडेआठ मिलिमीटरचा अख्खा ग्रुप या सोळा मिलिमीटरच्या घरात मोकळाढाकळा मावतो. एअर रायफलचे तसे नाही. तिथे दहा म्हणजे अर्ध्या मिलिमीटरचा ठिपका असतो आणि वर गुण दशांशात मोजतात, त्यामुळे छर्ऱ्याचा एक मिलिमीटरही स्कोअरबोर्डावर दिसतो. छर्ऱ्यांची चाचणी, लॉटची निवड, वजनावरून वेगळे करणे हे सगळे संस्कार रायफलवाल्यांकडून आपल्याकडे आले आहेत आणि आपण ते त्यांच्याच काटेकोरपणाने पाळून खिसा रिकामा करतो.

दुसरी गोष्ट हाताची. माझ्या हातून उभ्याने मारलेला पाच शॉटचा ग्रुप चाळीस मिलिमीटरच्या घरात असतो. दोन स्वतंत्र चुका सरळ बेरजेने वाढत नाहीत, त्यांच्या वर्गांची बेरीज करून वर्गमूळ काढावे लागते. हाताचे चाळीस आणि चांगल्या छर्ऱ्याचे साडेतीन मिळून ४०.१५ होतात, आणि हाताचे चाळीस व सरावाच्या छर्ऱ्याचे साडेआठ मिळून ४०.९. एवढ्या गाजावाजानंतर फरक पाऊण मिलिमीटरचा, आणि टार्गेटवर एक रिंग आठ मिलिमीटरची असते. क्लबातल्या सरांना मी हा हिशेब दाखवला तेव्हा ते वही परत देत एवढेच म्हणाले, “मग ट्रिगरचा सराव केला असता सहा महिने.”

मग चांगला छर्रा घ्यायचाच कशाला? याचे उत्तर मला चौथ्या डब्याने दिले. तो परदेशी बनावटीचा, स्वस्त, चकचकीत झाकणाचा डबा मी दुसऱ्या शहरातल्या एका दुकानातून कुरिअरने मागवला. फोम नव्हता, झाकण एका बाजूने चेपलेले होते आणि आतल्या कित्येक छर्ऱ्यांचे स्कर्ट लंबगोल झालेले दिसत होते. शिकंज्यातून पहिले चार शॉट एकाला एक लागून गेले आणि पाचवा खाली डावीकडे एकटाच जाऊन बसला. पुढच्या ग्रुपात तिसरा गेला, त्याच्या पुढच्यात कोणीच गेला नाही. असे करत सरासरी तेरा मिलिमीटर झाली, पण इथे सरासरी बघण्यात अर्थ नव्हता. पिस्तूल लोखंडात पकडलेले असताना शॉट कुठे जाईल हे सांगता येत नव्हते, हाच त्या डब्याचा खरा निकाल होता.

हातात पिस्तूल असताना नेमका हाच प्रकार नेमबाजाला बिघडवतो. शॉट सुटताच, टार्गेटकडे न पाहता, ‘नऊ, उजवीकडे’ असे मनात म्हणायचे आणि मग पडद्यावर ताडून पाहायचे, ही सवय पहिल्या वर्षापासून लावतात. सुटण्याच्या क्षणी फ्रंट साइट कुठे होती याची ती साक्ष असते. छर्रा एकसारखा असेल तर ती साक्ष खरी ठरत जाते आणि चूक सापडते. दर सहा-सात शॉटमागे एखादा छर्रा आपल्या मर्जीने भटकत असेल, तर मी चांगला सोडलेला शॉट आठात दिसतो, मी साइट फिरवतो, पुढचा छर्रा सरळ जातो आणि फिरवलेल्या साइटमुळे तोही आठात लागतो. त्या डब्यावर मी दोन संध्याकाळ हाताने सराव केला. दुसऱ्या संध्याकाळी मी सोळा क्लिक उजवीकडे आणि चौदा क्लिक डावीकडे केल्याची नोंद वहीत आहे. पाऊण मिलिमीटरचा हिशेब खरा असला तरी डोक्यातला हा गोंधळ त्यात कुठेच धरलेला नव्हता.

म्हणून देशी सरावाच्या त्या तिसऱ्या डब्याला मी नापास करत नाही. त्याचा ग्रुप मोठा होता, पण गोल होता. एकटा पळणारा छर्रा क्वचितच निघे, आणि निघालाच तर तो शिशाची कोर लटकणाऱ्यांपैकी असे. भरताना डोळ्यांनी निवडून ते बाजूला टाकले की उरलेल्यांवर निर्धास्त सराव होतो. आठवड्याला तीन दिवस, दर दिवशी ऐंशी शॉट, म्हणजे वर्षाला बारा हजार छर्रे, पाचशेच्या डब्यांच्या हिशेबाने चोवीस डबे. हे सगळे सामन्याच्या छर्ऱ्यांनीच मारण्याची ऐपत माझी नाही आणि गरजही नाही. मी सध्या दोनास एक या प्रमाणात सरावाचे आणि सामन्याचे छर्रे मारतो, सामन्याच्या आधीचे तीन आठवडे मात्र फक्त सामन्याचे. ज्यांना दोन प्रकार सांभाळायचे नसतील त्यांनी आरडब्ल्यूएसचाच मायस्टरकुगेल्न पाहावा. पहिली दोन वर्षे मी त्यावरच काढली आणि माझी कधी तक्रार नव्हती. तो शिकंज्यातून मारलेला नसल्याने त्याचा आकडा देत नाही.

साठवणीत मी स्वतः एक मोठी चूक केली, ती सांगितली पाहिजे. मागच्या पावसाळ्यात आर-१०चे दोन डबे नव्या प्लायवूडच्या कपाटात ठेवले होते. कोल्हापूरच्या जुलैत चपला भिंतीला टेकवून ठेवल्या तरी त्यांवर बुरशी येते, हे माहीत असूनही कपाट बंद असल्याने मी निश्चिंत होतो. ऑगस्टमध्ये डबा उघडला तर छर्ऱ्यांवर पांढरी भुकटी. ती बुरशी नव्हती. नव्या लाकडातून निघणाऱ्या आम्लाच्या वाफा आणि दमट हवा मिळून शिशाला तसे करतात, आणि ही भुकटी मूळ शिशापेक्षा सहज अंगात जाते, म्हणून ती फुंकून उडवण्याचा मोह टाळावा. ते दोन्ही डबे मी गच्च बांधून बाजूला काढले. आता डबे स्टीलच्या घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसह असतात. शिशाचेच निघाले आहे म्हणून, छर्रे हाताळल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय काहीही खायचे नाही आणि छर्रे तोंडात धरायचे नाहीत. लहान मुले भरताना हटकून असे करतात. रेंजवरून उठून थेट मिसळीच्या टेबलावर जाणाऱ्या आमच्या टोळीला हे दर रविवारी कोणीतरी ओरडून सांगावे लागते.

लॉट क्रमांकाकडे मी सगळ्यात उशिरा वळलो. एकाच नावाचे, एकाच व्यासाचे दोन डबे वेगवेगळ्या लॉटचे असले, तर माझ्या नळीत ग्रुपचा आकार फारसा बदलत नाही, पण ग्रुपची जागा एखाद-दोन मिलिमीटर सरकते. सरावात हे चालून जाते. सामन्याच्या मध्यात डबा संपून दुसरा उघडावा लागला तर मात्र मन खाते. म्हणून या वर्षाचे सामन्याचे छर्रे मी एकाच वेळी आणि एकाच लॉटचे मागवायचे ठरवले. माझ्या नळीसाठी आर-१० आणि फिनाले मॅच ४.५० यांत निवड करायला आकड्यांनी मदत केली नव्हती, शेवटी ती ब्रीचमध्ये बसताना अंगठ्याला मिळणाऱ्या प्रतिसादावर केली आणि आर-१० घेतला. विक्रेत्याला आधी झाकणांचे फोटो पाठवायला सांगितले, फोटोंत बाराही डबे एकाच लॉटचे दिसत होते. मागच्या आठवड्यात पार्सल आले तेव्हा अकरा तेच होते आणि बारावा वेगळ्या लॉटचा. परत पाठवायचे कुरिअर परवडले नसते, म्हणून तो ठेवून घेतला आणि त्याच्या झाकणावर मार्करने मोठ्या अक्षरांत ‘सराव’ असे लिहिले.